संचवार की पानवार

संगणकावरून छपाईचा हुकूम देण्याआधी जी चौकट उघडते, तिच्यात प्रतींच्या संख्येच्या अगदी शेजारी ‘कोलेट’ असा एक शब्द असतो आणि त्याच्याजवळ एकावर एक सरकवलेल्या तीन छोट्या पानांचे चित्र असते. बहुतेकांची नजर त्या शब्दावरून घसरून थेट ‘प्रिंट’च्या बटणावर जाते. एकच प्रत हवी असेल तर त्यात काही बिघडतही नाही, कारण एका प्रतीला त्या शब्दापुढे खूण असली काय आणि नसली काय, पाने तशीच येणार. एकाहून अधिक प्रती हव्या असल्या आणि मजकूरही एका पानाहून अधिक असला, तरच या शब्दाला काम मिळते. आणि मिळते तेव्हा ते फार मोठे असते.

तीन पानांच्या अर्जाच्या पाच प्रती काढायच्या आहेत असे धरू. खूण असेल तर यंत्र एक, दोन, तीन अशी एक पूर्ण प्रत बाहेर टाकते, मग पुन्हा एक, दोन, तीन, असे पाच वेळा. खूण नसेल तर पहिले पान पाच वेळा, मग दुसरे पाच वेळा, मग तिसरे पाच वेळा. दोन्हींत कागद पंधराच लागतात आणि शाईही तेवढीच लागते. फरक एवढाच, की पहिल्या प्रकारात तुमच्या हातात पाच अर्ज येतात आणि दुसऱ्यात पंधरा सुटे कागद.

बडोद्यात फतेगंजच्या बाजूला, विद्यापीठाच्या आसपास, प्रबंध टंकित करून, छापून आणि बांधून देणारी जी छोटी छोटी दुकाने आहेत, त्यांपैकी एक माझे आहे. आमच्याकडे येणारा गुजराती विद्यार्थी ‘सेट बनावीने आपजो’ म्हणतो, दांडिया बाजारातून येणाऱ्या मराठी आजी ‘सेट लावून दे गं’ म्हणतात. ‘कोलेट’ हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून मी वर्षातून एखाद्या वेळी ऐकत असेन. तरीही त्या शब्दाविषयी मला जी आस्था आहे ती दुकानात आलेली नाही, त्याच्या कितीतरी आधीची आहे.

माझे वडील बाइंडर होते. रावपुऱ्यातल्या दोन-तीन छापखान्यांचे काम आमच्या घरी येत असे आणि ते छापलेल्या कागदांच्या रूपात येई, पुस्तकाच्या रूपात नव्हे. मोठ्या तावाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पाने छापलेली असत. एका बाजूला आठ, त्यांतली काही उलटी, काही सुलटी, आणि वाचायला गेल्यास कशाचा कशाला मेळ नाही अशी. त्या तावाला तीन घड्या घातल्या की तीच सोळा पाने शहाण्या मुलांसारखी क्रमाने उभी राहत. हा एक फर्मा. एकशे साठ पानांच्या पुस्तकाचे असे दहा फर्मे होत आणि पाचशे प्रती असल्या की प्रत्येक फर्म्याच्या पाचशे घड्या. आई आणि मावशी हाडाच्या पट्टीने घड्या दाबून बसवत, आणि मग उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा भावंडांचे काम सुरू होई.

माजघरात भिंतीकडेने सतरंजी अंथरून तिच्यावर दहा ढीग ओळीने मांडलेले असत. पहिल्या ढिगातला एक फर्मा उचलायचा, एक पाऊल पुढे टाकून दुसऱ्यातला उचलून त्याच्याखाली धरायचा, मग तिसरा, मग चौथा. दहाव्या ढिगापाशी पोचले की हातात एक पुस्तक झालेले असे. ते बाबांच्या पुढ्यात ठेवून पुन्हा पहिल्या ढिगापाशी यायचे. पाचशे पुस्तके म्हणजे पाचशे फेऱ्या, तिघांत वाटून घेतल्या तरी दीडशेच्या वर. पायांना गोळे येत आणि बोटांच्या टोकांना कागद कापत असे, पण त्या चालण्याला एक लय होती आणि ती लय लागली की हात आपोआप योग्य जागी जात. चूक बहुधा लय लागण्याआधी होई, किंवा ती मोडून कोणी बोलायला लागले की होई.

बाबा प्रत्येक पुस्तकाची पाठ आपल्याकडे करून पाहत. फर्म्याच्या बाहेरच्या घडीवर छापखान्याने एक छोटी काळी पट्टी छापलेली असे. पहिल्या फर्म्याची पट्टी अगदी वर, दुसऱ्याची तिच्याहून जराशी खाली, तिसऱ्याची आणखी खाली. दहाही फर्मे नीट लागले असतील तर पाठीवर वरून खाली उतरणारा एक जिना दिसे. एखादा फर्मा गळाला असेल तर जिन्यात एक पायरी नसे. दोनदा आला असेल तर दोन पट्ट्या शेजारी शेजारी एकाच उंचीवर दिसत. उलटसुलट झाला असेल तर जिना मध्येच चढून पुन्हा उतरे. अक्षर न वाचता, पान न उघडता, नुसत्या पाठीवरून पुस्तक पूर्ण आहे की नाही हे त्यांना डोळ्यांच्या एका फेरीत कळे. काही छापखाने अशा पट्ट्या छापत नसत. त्यांच्या कामाला फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, बारीक आकडा असे, आणि मग प्रत्येक घडीचा कोपरा उचलून तो आकडा पाहावा लागे. त्या दिवशी बाबांचे जेवण उशिरा होई.

मात्र त्यांची शेवटची कसोटी वेगळीच होती. सगळ्या फेऱ्या संपल्या की ते सतरंजीकडे पाहत. दहाही ढीग एकदम संपले पाहिजेत. एखाद्या ढिगात एक घडी उरली, तर बांधायला ठेवलेल्या पाचशेंपैकी कुठल्यातरी पुस्तकात ती नाही, हे नक्की. आणि एखादा ढीग आधीच संपला, तर कुठल्यातरी पुस्तकात ती दोनदा गेली आहे, हेही तितकेच नक्की. छापखाना नेमक्या पाचशे घड्या क्वचितच देई, कारण वाया जाण्यासाठी थोडे ताव वर छापलेले असत; म्हणून बाबा आधी प्रत्येक ढीग मोजून सारखा करून घेत आणि जादा घड्या बाजूला ठेवत. मोजण्याचा कंटाळा केला तर शेवटी ढीग काय सांगतात याला काही अर्थ राहत नाही, असे ते म्हणत.

छपाईच्या धंद्यात हे फर्मे गोळा करून, क्रम तपासून, प्रत पूर्ण करण्याच्या कामाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच पुढे संगणकाच्या त्या चौकटीत येऊन बसला आहे, हे मला दुकान सुरू केल्यावर कळले. आमची दीडशे फेऱ्यांची पायपीट एका खुणेत मावली होती. मला त्याचे वाईट वाटले नाही, उलट यंत्राबद्दल आदरच वाटला. पण ती खूण राहून गेली की ती पायपीट परत अंगावर येते, हेही मी एका रात्री शिकले.

एका विद्यार्थिनीचा प्रबंध दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. २४८ पाने, एका बाजूला छपाई, पाच प्रती. म्हणजे १२४० कागद, जवळजवळ अडीच रीम. मी फाइल उघडली, प्रतींपुढे पाचाचा आकडा घातला, छपाई सुरू केली आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे वळले. आधीच्या कामासाठी काढलेली खूण पुन्हा घालायची राहिली होती. माझ्या लक्षात आले तेव्हा ट्रेमध्ये पाच शीर्षकपृष्ठे, पाच प्रमाणपत्रे, पाच ऋणनिर्देश अशी रास चढलेली होती. तेवढा कागद टाकून देणे मला शक्य नव्हते आणि तिला आणखी थांबवणेही शक्य नव्हते. आम्ही दोघींनी टेबल रिकामे केले आणि पत्ते वाटावेत तसे कागद पाच ढिगांत वाटायला बसलो.

बाराशे चाळीस कागद हाताने वाटणे फार अवघड नाही, फक्त लांबलचक आहे. नुकत्याच छापलेल्या कागदांत स्थिर वीज असते, ते एकमेकांना चिकटतात, म्हणून मी मधूनमधून गठ्ठा फुलवून घेत होते. साडेअकराच्या सुमारास शेवटचा कागद हातात आला आणि तो चौथ्या ढिगावर पडला. पाचवा ढीग तसाच राहिला. ती मुलगी म्हणाली, ‘ताई, झालं ना सगळं?’ आणि मला माजघरातली सतरंजी दिसली. पाचने नि:शेष भागणारी संख्या वाटताना शेवटचा कागद पाचव्यावरच पडायला हवा. तो चौथ्यावर पडला याचा अर्थ कुठेतरी दोन कागद चिकटून एकाच ढिगावर गेले होते. ज्या ढिगावर ते गेले त्या प्रतीत एक पान दोनदा आले आहे आणि वाटणीत जिची पाळी सर्वांत शेवटी येते त्या पाचव्या प्रतीत तेच पान नाही, हे उघड होते. शेवटचे पान मात्र पाचही ढिगांवर बरोबर दिसत होते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला काहीच कळले नसते. पाचव्या प्रतीचे एकेक पान उलटत गेलो तेव्हा १३६ नंतर एकदम १३८ आले. तिसऱ्या प्रतीत १३७ दोन होती. एक काढून पाचवीत घातले. त्या पानावर तिच्या सर्वेक्षणाचा मुख्य तक्ता होता.

हे काम यंत्राकडून करून घेताना त्याच्या आत काय घडते, तेही थोडे सांगायला हवे. छापायचे पान आधी ठिपक्यांच्या चित्रात रूपांतरित व्हावे लागते. पानवार छपाईत, म्हणजे एकेका पानाच्या सगळ्या प्रती लागोपाठ काढताना, हे रूपांतर प्रत्येक पानासाठी एकदाच होते आणि तेच चित्र पाच वेळा कागदावर उमटते, म्हणून जुन्या, कमी स्मृतीच्या प्रिंटरवर ती पद्धत लवकर उरकते. संच लावून छापायचे असेल तर प्रिंटरला सगळी पाने लक्षात ठेवावी लागतात. ती मावत नसतील तर संगणक तोच सगळा मजकूर पुन्हा पुन्हा पाठवतो आणि प्रत्येक संचाआधी यंत्र विचारात पडल्यासारखे थांबते. काही प्रिंटर तर स्मृती अपुरी पडली की एकच संच काढून गप्प बसतात. शिवाय ही खूण दोन ठिकाणी असू शकते, एक मजकूर ज्यात उघडला आहे त्या प्रोग्रॅमच्या चौकटीत आणि दुसरी प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, आणि दोन्हींचे म्हणणे वेगळे पडले की कोणाचे ऐकले जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून मोठे काम असेल तर मी आधी पहिल्या तीन पानांच्या दोन प्रती काढून पाहते. सहा कागदांत सगळे समजते.

झेरॉक्सच्या यंत्रावर याच गोष्टीला बहुधा ‘सॉर्ट’ म्हणतात आणि तिच्या उलट प्रकाराला ‘ग्रुप’. पूर्वी मोठ्या यंत्रांच्या बाजूला खणांची एक उभी मांडणी जोडलेली असे. पहिल्या पानाची एकेक प्रत एकेका खणात पडे, मग दुसऱ्या पानाची, आणि शेवटी प्रत्येक खणात एक पूर्ण संच मिळे. खण जितके, तितकेच संच. आता मूळ कागद एकदाच वाचून यंत्र तो साठवून ठेवते, त्यामुळे खणांची गरज राहिली नाही. प्रत्येक संच थोडा डावीकडे, पुढचा थोडा उजवीकडे सरकवून टाकला की झाले. जुने खण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आमची सतरंजी चटकन समजेल, कारण ती कल्पना तीच होती; फक्त इथे माणसाऐवजी कागद चालत होता.

पानवार छपाई ही चूकच असते असे मात्र कोणी समजू नये. गणेशोत्सवात मंडळाचा कार्यक्रम दोन पानी असतो, पहिले पान रंगीत कागदावर आणि दुसरे पांढऱ्यावर. तिथे पानवारच हवी, नाहीतर ट्रेमधला कागद दर प्रतीला बदलावा लागेल. शाळेतल्या बाई सात वेगवेगळे स्वाध्याय आणतात आणि रोज एकच वाटणार असतात. त्यांना चाळीस मुलांचे चाळीस संच दिले तर त्यांचाच खोळंबा होईल. याउलट पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या कागदाचे बिलबुक हे संचाचेच काम आहे, आणि त्यात रंगांचा क्रम चुकला तर गिऱ्हाइकाची प्रत दुकानदाराकडे राहते. कोणती पद्धत बरोबर, हे कागद पुढे कोणाच्या हातात आणि कशा रीतीने जाणार यावर ठरते. म्हणून मी आधी विचारते.

या शब्दाची खरी उंची मला दाखवली ती संस्कृतच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी. ते आपला लेख छापून घ्यायला आले होते आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होते. ‘अहो ताई, हा शब्द तुमच्याकडे काय करतोय?’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘सर, पानं क्रमानं लावायला.’ ते हसले आणि म्हणाले, ‘आम्ही आयुष्यभर हेच केलं. फक्त आमची पानं चारशे वर्षं जुनी होती आणि एकमेकांशी जुळत नव्हती.’ मग त्यांनी सांगितले की लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र आणणे, आणि विद्वानांच्या जगात तो वापरतात तो एकाच ग्रंथाची अनेक हस्तलिखिते शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहण्यासाठी.

बडोद्याच्या माणसाला हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. इथल्या प्राच्य विद्या मंदिराची स्थापना १९२७ मधली, आणि त्याच्याही आधी, १९१६ पासून, गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झालेली. राजशेखराची काव्यमीमांसा हा तिचा पहिला ग्रंथ. याच संस्थेने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांच्या सात खंडांत प्रसिद्ध केली. तिचे पान पाहिले की वर स्वीकारलेला पाठ असतो आणि खाली बारीक टायपात पाठभेदांची दाटी असते: कोणत्या प्रतीत कोणता शब्द निराळा आहे, कुठे अर्धा श्लोक नाही, कुठे दोन ओळी अधिक आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारतासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली. तिथे आखीव तक्ते असत. सगळ्यात वर प्रचलित श्लोक एकेका चौकटीत एकेक अक्षर असा लिहिलेला, आणि त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ, जिच्यात जिथे फरक असेल तिथलेच अक्षर भरायचे. सरांनी माझ्या रद्दी कागदावर असा तक्ता काढून दाखवला. मला त्यात बाबांचा जिना दिसला, कारण दोन्हींत एकच युक्ती होती: सगळे वाचत न बसता, फक्त जिथे पायरी चुकली आहे तिथेच नजर थांबावी.

सर पुढे म्हणाले की आपल्या मराठीला हे काम परके नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच आहे, पाठांतरामुळे त्यात अशुद्धे शिरली, ती शोधून काढली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आणि यापुढे त्यात पदरची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणे होय, असेही बजावले आहे. चुकलेल्या, गळलेल्या आणि दोनदा आलेल्या मजकुराची काळजी करणारा तो माणूस मला त्या क्षणी फार जवळचा वाटला.

तेव्हापासून या शब्दाला मराठीत काय म्हणावे याचा विचार माझ्या मनात घोळत राहिला. ‘जुळणी’ म्हणावे तर छापखान्यात तो शब्द खिळ्यांच्या अक्षरजुळणीसाठी कधीचाच राखलेला आहे. ‘प्रतवार’ हा शब्द मला फार आवडला होता, कारण ‘प्रत’ हा आपला शब्द एकाच वेळी नक्कल आणि हस्तलिखित दोन्ही सांगतो. पण ‘प्रतवारी’ म्हटले की कापसाची किंवा आंब्याची वर्गवारी डोळ्यांपुढे येते, आणि अर्थ भलतीकडे जातो. शेवटी मी ‘संचवार’ आणि ‘पानवार’ यांवर स्थिरावले. हे दोन शब्द शेजारी ठेवले की समजावून सांगावे लागत नाही, आणि ‘सेट’ म्हणणाऱ्या माणसालाही ‘संच’ परका वाटत नाही.

गल्ल्याच्या काचेखाली मी एक कागद ठेवला आहे. त्यावर संचवार आणि पानवार हे शब्द मराठीत आणि गुजरातीत लिहिले आहेत, पण त्यांच्यापुढे ठळक आकड्यांत एका ओळीत १-२-३, १-२-३ आणि दुसऱ्या ओळीत १-१-१, २-२-२, ३-३-३ असेही लिहिले आहे. परवा एक गृहस्थ सोसायटीच्या सभेचे कागद घेऊन आले, चार पाने, साठ प्रती. मी नेहमीसारखे विचारले, तेव्हा त्यांनी काचेवर वाकून दोन्ही ओळी वाचल्या, थोडा वेळ मनाशी काही मोजले, आणि मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘हे. पण चौथं पान वेगळं काढून द्या, त्यावर सह्या घ्यायच्या आहेत.’ मी तीन पाने संचवार लावली आणि चौथे वेगळे, पानवार काढले.